धागा: बॅटमॅनचा पट्टा, पण खरोखर वापरता येणारा (सगळा जुन्या सामानातून)

घाटवाट

नमस्कार मंडळी,

दोन महिने रोज रात्री जेवणानंतर तासभर एका पट्ट्यावर काम करत होतो. परवा तो पुरा झाला, म्हणून हा धागा.

पोशाख बॅटमॅनचा आहे. मुखवटा, केप, छातीचा फोम यावर इथे भरपूर लिहून झालंय, ते मी पुन्हा उगाळत नाही. मला बोलायचंय ते फक्त पट्ट्याबद्दल. बहुतेक जण पट्टा सगळ्यात शेवटी, उरलेल्या फोममध्ये उरकतात. पिवळे ठोकळे कापायचे, चिकटवायचे, रंग मारायचा, संपलं. मला ते कधीच पटलं नाही. बॅटमॅनच्या अंगात कुठलीही जादूची शक्ती नाही. जे आहे ते त्याचं डोकं, त्याची मेहनत आणि कमरेला बांधलेलं सामान. मे १९३९ मध्ये तो पहिल्यांदा छापून आला आणि जुलैच्या अंकातच पट्ट्यातून गुदमरवणाऱ्या वायूच्या काचेच्या गोळ्या काढताना दिसला. सप्टेंबरमध्ये बॅटरँग आलं, म्हणजे वटवाघळाच्या आकाराचं फेकायचं हत्यार. रॉबिन यायला १९४० चा एप्रिल उजाडला. म्हणजे साथीदाराच्या आधी त्याला पट्टा मिळाला! असा पट्टा पोकळ ठोकळ्यांचा कसा चालेल?

मग आत ठेवायचं काय, हा प्रश्न. धूर, वायू, पाती हे सगळं बाद, कार्यक्रमाच्या दारावरच काढून घेतील आणि घेतलंच पाहिजे. उत्तर मला मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिकवेड्यांच्या मेळाव्यात, मिळालं. जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे एक मुलगी होती, पाठीवर चार फुटी पंख. खांद्याचा पट्टा तुटला आणि एक पंख लोंबायला लागला. ती एका हाताने तो धरून दुसऱ्या हाताने सगळ्यांना सेफ्टी पिन मागत होती. आम्ही सात-आठ जण आसपास उभे, अंगावर जगातले सगळे महानायक, आणि एकाकडेही सेफ्टी पिन नाही. मला फार वाईट वाटलं. त्या रात्री घरी येतानाच ठरवलं की माझ्या पट्ट्यात दुरुस्तीचं आणि प्रथमोपचाराचं सामान असेल. कप्पा उघडला की कुणाच्या तरी उपयोगाची वस्तू बाहेर आली पाहिजे, आणि तीही एका हाताने.

आता सामान.

मुख्य पट्टा: गाडीचा सीट बेल्ट. भंगारवाल्याकडून घेतला, पूर्ण गुंडाळी, ऐंशी रुपये. विणकाम इतकं घट्ट की वाकवला तरी कडा मुडपत नाही. रुंदी साधारण पावणेपाच सेंटीमीटर, म्हणजे दोन इंची बकलात आरामात बसतो. एक गोष्ट बघून घ्या: अपघातातल्या गाडीचा बेल्ट ताणलेला आणि कडेला चुरगळलेला असतो, तो नको.

आतला आधार: माझ्या साठ लिटरच्या जुन्या सॅकचा कमरपट्टा. सॅकचा तळ फाटला होता, पण कमरेची गादी शाबूत होती. या एका गोष्टीने सगळं बदललं. नुसत्या दोन इंची पट्टीवर दीड-दोन किलो वजन टाकलं तर ती तासाभरात हाडात रुतते. सॅकची गादी तेच वजन दोन्ही कमरेच्या हाडांवर पसरवते. सॅक बनवणाऱ्यांनी ज्या कामासाठी ती घडवली तेच काम ती इथे करते. बकलही तिचंच.

कप्पे: जुन्या बाजारातून कॅनव्हासचे दोन जाड कप्पे, पितळी टोकाच्या पट्टीने बंद होणारे. बाबांचं वीस वर्षांपूर्वीचं कमरेला अडकवायचं मोबाइलचं चामडी पाकीट. चष्म्याची एक कडक पेटी. आणि फिल्म रोलच्या पाच काळ्या डब्या. त्या डब्या बघून मला स्वतःलाच आनंद झाला, हुबेहूब कॉमिकमधल्या गोळ्यांच्या नळ्यांसारख्या दिसतात. झाकण घट्ट, पाणी आत जात नाही. एकीत सुया-दोरा, एकीत सेफ्टी पिना, एकीत टिचबटणं, एकीत बँडेज पट्ट्या गुंडाळून, आणि एकीत सुटे पैसे.

पहिल्या फेरीत मी कप्पे रबरी चिकटद्रव्याने चिकटवले होते. आठवडाभर दगडासारखे बसले. मग एका दुपारी पट्टा गाडीत मागच्या सीटवर राहिला, एप्रिलची दुपार, काचा बंद. संध्याकाळी बघतो तर दोन कप्पे पट्ट्यावरून ओघळून खाली सरकलेले, मध्ये डिंकाच्या तारा. ही चिकटद्रव्यं उष्णतेत मऊ पडतात. फोमवर फोम असेल आणि वजन नसेल तर ठीक, पण वजन पेलणारा सांधा शिवलेलाच हवा.

मग आमच्या चौकातल्या मोचीकाकांकडे गेलो. त्यांनी पट्टा मांडीवर घेतला, अंगठ्याने दाबून बघितला आणि म्हणाले, "याला मशीन नको, आरी पाहिजे." आरी कॅनव्हासमधून सीट बेल्टच्या पार जाताना करकर असा आवाज येत होता. टोकाच्या खाचेत मेण लावलेला दोरा अडकवायचा, ओढून फास वर काढायचा, त्यातून दुसरा दोरा, आणि मग दोन्ही हातांनी करकचून आवळायचा. एका कप्प्याला चौकोन आणि चौकोनात फुली. चार कप्प्यांना त्यांना पाऊण तास लागला. तो टाका मी आता दोन्ही हातांनी ओढूनही हलत नाही.

फोटो खाली जोडलेत. प्रश्न विचारा, चुका दाखवा.

---

निळी_सुई

घाटवाट, वाचून फार बरं वाटलं. मी डोंबिवलीत पोशाख शिवते, नाटकांचे आणि आता पोरांचे असलेही. दोन गोष्टी सांगते.

माप कशावरून घेतलंत? माझ्याकडे येणारी दहातली आठ मुलं पँटचं माप सांगतात. चौतीसची पँट, त्यावर फोमचं कवच, त्यावर केपची घडी, आणि पट्टा बसतो सदतीस-अडतीसला. पूर्ण पोशाख घालून, श्वास सोडून माप घ्यायचं आणि पुढे-मागे करायला दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जास्त ठेवायची.

दुसरं, घरच्या मशीनवर सीट बेल्ट शिवायचा असेल तर सोळा किंवा अठरा नंबरची सुई घ्या, टाका मोठा ठेवा आणि जाड जागी हाताने चाक फिरवा. मोटरवर जोर दिलात तर सुई मोडून डोळ्यात उडते. कापलेली टोकं मेणबत्तीवर हलकी भाजून घ्या म्हणजे धागे सुटत नाहीत. हे फक्त नायलॉन-पॉलिएस्टरला. सुती नवारीला (विणलेल्या पट्टीला) भाजू नका, ती पेटते. तिची टोकं दुमडून शिवायची.

---

घाटवाट

निळीताई, माप मी पहिल्यांदा पँटवरूनच घेतलं होतं, सांगितलंत ते अगदी बरोबर. दुसऱ्या वेळी पोशाख घालून घेतलं आणि पाच इंच वाढले.

---

कातळकडा

पट्टा सुंदर झालाय. मी सह्याद्रीत कडे चढतो, त्यामुळे एक गोष्ट या धाग्यावर ठळक लिहिलीच पाहिजे. या पट्ट्याला कुणीही लटकायचं नाही. मस्करीत नाही, फोटोसाठी नाही, झाडाच्या फांदीवरून दोन फुटांवरही नाही.

सीट बेल्ट मजबूत असतो, मान्य. पण प्रश्न पट्टा तुटण्याचा नाही, तुमच्या शरीराचा आहे. चढाईच्या हार्नेसला, म्हणजे दोराला जोडायला अंगावर बांधतात त्या पट्ट्याला, मांड्यांचे पट्टे असतात ते उगाच नाहीत. नुसत्या कमरपट्ट्यावर लटकलात की तो बरगड्यांखाली सरकतो, छातीचा पडदा दाबला जातो आणि श्वास घेता येत नाही. जुन्या काळी कमरेला नुसता दोर बांधून चढणाऱ्यांनी याची किंमत मोजलेली आहे.

कॅराबिनरचंही (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचंही) तसंच. चढाईच्या कॅराबिनरवर आकडे कोरलेले असतात, लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन, म्हणजे दोन टनांच्या आसपास. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी रंगीत कडी ही किल्ल्या अडकवायची कडी आहे. पट्ट्यावर ती लावा, खुशाल लावा, पण मनात दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा.

निवृत्त झालेला हार्नेस मात्र या कामाला उत्तम. सामान अडकवायच्या कड्या त्याला आयत्याच असतात. २००५ च्या 'बॅटमॅन बिगिन्स' चित्रपटात ब्रूस वेन, म्हणजे बॅटमॅनच, हेच तर करतो, कंपनीत पडून असलेला हार्नेस उचलतो आणि पट्टा म्हणून वापरतो. तुम्ही हार्नेस घेतलात तर मधला बांधायचा फास कापून टाका. म्हणजे उद्या कुणी चुकून तो चढाईला नेणार नाही. आमच्या गटात जुना हार्नेस टाकताना आम्ही हे करतोच.

---

घाटवाट

कातळकडा, मनापासून आभार. पहिल्या पोस्टमध्ये हे यायला हवं होतं. माझ्याकडेही एक जुना हार्नेस पडून आहे, त्याचा फास आजच कापतो.

---

इंद्रजालवाला

मी साठीच्या पुढचा माणूस. आमचा महानायक वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स निघायला लागली, आमच्या गावात वाचनालयात एकच प्रत यायची आणि ती हातातून हातात फिरून कव्हर गळून जायचं. वेताळाचा पट्टा आठवा: मध्ये कवटी, दोन्ही बाजूंना पिस्तुलांची म्यानं. बस. कप्पे नाहीत, काही नाही. तरी लांबून बघितला की कळायचं कोण आलाय.

नातवासाठी तो पट्टा करावा असं फार मनात आहे. पण म्यानात खेळण्यातली पिस्तुलं ठेवायला मन धजत नाही. मग म्यान रिकामं ठेवायचं का?

---

घाटवाट

काका, रिकामं अजिबात नको. एका म्यानात टॉर्च ठेवा. जाड, लहान मुठीची टॉर्च म्यानात बरोबर उभी बसते आणि लोड शेडिंगमध्ये नातू खरोखर ती उपसून उजेड पाडेल. दुसऱ्यात पाण्याची छोटी बाटली. वेताळ जंगलात राहतो, त्याला दोन्ही लागेल. म्यानासाठी सुताराचं किंवा वायरमनचं जुनं चामडी हत्याराचं पाकीट बघा, खालून निमुळतं असतं. कवटी लाकडाची किंवा फोमची करा आणि मागून जुन्या बकलाला दोन रिव्हेट मारा.

---

मिशिगनकर

इकडे अमेरिकेत लष्कराचं जुनं सामान विकणारी दुकानं गावोगावी आहेत. त्यांच्या कप्प्यांमागची पद्धत शिकण्यासारखी आहे. एक इंची पट्ट्या, त्यांच्यात एक इंचाचं अंतर, आणि दर दीड इंचावर उभा टाका. त्या जाळीत कप्प्याची जीभ वरखाली विणली की तो हलत नाही आणि हवा तेव्हा काढून दुसरीकडे लावता येतो. घाटवाटने कप्पे कायमचे शिवलेत. मला वाटतं हे जरा घाईचं झालं. दोन-चार कार्यक्रम वापरल्याशिवाय कुठला कप्पा कुठे हवा ते कळतच नाही.

जुन्या एक इंची स्कूल बॅगच्या पट्ट्यांतून ही जाळी घरी बनते, मी बनवलीय. टाक्यांचं अंतर पट्टीने आखून घ्या, डोळ्याच्या अंदाजाने केलंत तर कप्पा एक तर शिरत नाही नाही तर डुलतो.

---

घाटवाट

मिशिगनकर, हे पटलं. उजवीकडचा मोठा कप्पा मला आत्ताच एक तळहात मागे हवासा वाटतोय.

जागांबद्दल मी जे शिकलो ते लिहितो, कारण यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. बकलापासून दोन्ही बाजूंना चार बोटं काहीही लावायचं नाही. खुर्चीवर बसलं की मांडी वर येते आणि तिथला कप्पा पोटात घुसतो. पाठीच्या मणक्यावर कडक वस्तू कधीच नको. चष्म्याची पेटी मी आधी बरोबर पाठीमागे लावली होती. बसमध्ये टेकून बसलो, एक खड्डा आला आणि डोळ्यांपुढे तारे चमकले. मागे पडलो तर काय होईल, या विचाराने ती त्याच दिवशी काढली. मागे फक्त मऊ सामान: घडी केलेला रुमाल, गॉज (जखमेवर ठेवायचं जाळीदार कापड), कापडी पिशवी.

सगळ्यात जास्त लागणाऱ्या वस्तू दोन्ही बाजूंच्या शिवणीच्या रेषेवर, जिथे हात सरळ सोडला की पडतो. मुखवटा घातल्यावर खाली बघता येत नाही, सगळं चाचपून करावं लागतं. म्हणून प्रत्येक कप्प्याच्या झाकणाला वेगळी खूण केलीय. एकाला दोऱ्याची गाठ, एकाला चामड्याची जीभ, एकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. डोळे मिटून रोज दहा वेळा सराव केला. आता कात्री तीन सेकंदांत हातात येते.

सायकलच्या ट्यूबवरून आठवलं. पट्टा गोल फिरायचा, चालताना अर्धा वेढा डावीकडे. गादीच्या आतल्या बाजूला ट्यूबच्या तीन पट्ट्या शिवल्या आणि फिरणं पूर्ण थांबलं.

---

ठिणगी

पट्ट्यात दिवे लावणार का? लावलेत तर एक अडचण नक्की येईल, म्हणून आधीच सांगतो. लहान एलईडी पॉवर बँकेला जोडले की पंधरा-वीस सेकंदांत विझतात. लोक वायरिंग तपासत बसतात. वायरिंग बरोबरच असतं. फारच कमी करंट जातोय म्हणजे फोन पूर्ण भरला असं पॉवर बँकेला वाटतं आणि ती स्वतःच बंद होते. एलईडी वाढवा, किंवा साध्या तीन पेन्सिल सेलचा डबा वापरा. मला पट्ट्यासाठी सेलच बरे वाटतात, हलके आणि कुठल्याही टपरीवर मिळतात.

पॉवर बँक ठेवणारच असाल तर कडक कप्प्यात ठेवा आणि तिच्या शेजारी कात्री-सुया नको. टोचलेली लिथियमची बॅटरी पेटते.

---

निळी_सुई

त्यावरून आठवलं. इन्स्टंट ग्लू कुठे ठेवलाय? तो सुती कापडावर सांडला की कापड एकदम तापतं, चटका बसण्याइतकं. माझ्या बोटावर डाग आहे अजून. कापूस, गॉज आणि ग्लू एका कप्प्यात कधीही नको.

आणि झाकणाला लोहचुंबक लावणारे लोक पाहिलेत मी. चटकन बंद होतात खरे, पण पट्टा घालणाऱ्याला किंवा घरात कुणाला पेसमेकर असेल तर लावू नका. टिचबटण बरं, एका अंगठ्याने उघडतं.

---

घाटवाट

ग्लू गॉजच्याच कप्प्यात होता! आत्ता उठून काढला आणि एका फिल्मच्या डबीत टाकला. सुटे पैसे आता खिशात.

---

नवखा_सातारा

मी अकरावीत आहे. माझ्याकडे एनसीसीचा जुना खाकी पट्टा आहे, दादाचा. तो काळा करून वापरला तर चालेल का? आणि आमच्याकडे आठवडी बाजारात लष्कराच्या नक्षीचे कप्पे मिळतात, ते घेऊ का? बजेट तीनशे रुपये आहे.

---

कातळकडा

नक्षीचे कप्पे नको रे मित्रा. भारतीय लष्कराने १५ जानेवारी २०२२ ला नवी नक्षी आणली, तिच्यावर लष्कराचा हक्क आहे. शिवाय सैनिक आहोत असं लोकांना वाटावं म्हणून तसा वेष घालणं हा गुन्हा आहे. तुझा हेतू तो नाही हे आम्हाला कळतं, पण स्टेशनवर उभ्या असलेल्या पोलिसाला ते कसं कळणार? साधे, एकरंगी कप्पे घे. कुठलंही चिन्ह किंवा बिल्ला असेल तर उसवून टाक.

---

निळी_सुई

एनसीसीचा पट्टा सुती असेल तर काळा रंग छान धरेल. गरम पाणी, मूठभर मीठ, बाजारातली सुती कपड्यांची रंगाची पुडी, आणि अर्धा तास ढवळत राहायचं. आईला विचारून, जुन्या पातेल्यात, ज्यात पुन्हा स्वयंपाक करायचा नाही. त्याआधी दादाला विचार, त्याच्या आठवणीची वस्तू आहे. नायलॉनचा असेल तर या पुडीने रंग चढणार नाही, नुसता मळकट होईल. ओळखायला टोकाचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून बघ. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते. नायलॉन वितळून मणी होतो.

---

घाटवाट

नवख्या, तीनशेत उत्तम पट्टा होतो. जुन्या स्कूल बॅगची बकलं आणि पट्ट्या घरात असतीलच. कंपासपेटी हा तुझा कडक कप्पा. फिल्मच्या डब्या माझ्याकडे अजून सहा आहेत, पत्ता मला खासगी निरोपात कळव, पाठवून देतो. पैसे फक्त मोचीच्या शिलाईसाठी राखून ठेव. तिथे वाचवू नकोस.

---

घाटवाट

काल पट्टा पहिल्यांदा बाहेर नेला, म्हणून पुन्हा लिहितोय.

मित्राच्या सोसायटीत मुलांचा वेषभूषेचा कार्यक्रम होता. एकूण वजन भरलं एक किलो आठशे ग्रॅम. साडेचार तास उभा होतो. कमर दुखली नाही, पण शेवटच्या तासात पट्टा बोटभर खाली उतरला. केपखाली लपतील असे खांद्यावरचे दोन पट्टे लावावे लागणार, सॅकचेच लावतो.

सात वेळा कप्पे उघडले. सेफ्टी पिना चार वेळा. एका छोट्या हनुमानाची शेपटी सुटली होती, ती सुई-दोऱ्याने शिवली. तो माझ्या गुडघ्यावर पाठमोरा उभा होता, अजिबात हलला नाही, आणि शिवून होईपर्यंत माझ्या पट्ट्यावरच्या डब्या एक-एक करून मोजत होता. एका मुलीचं ढोपर खरचटलं, तिला पाण्याने धुऊन पट्टी लावली. एका आजोबांना उन्हाने गरगरायला लागलं. सावलीत बसवलं. ओआरएसची पुडी होती, पण ती पूर्ण एक लिटर पाण्यात घालायची असते आणि लिटरची बाटली कुणाकडेच नव्हती. एक बाई घरी धावत जाऊन मोजून पाणी घेऊन आल्या. म्हणजे पुडीबरोबर भांडंही हवं. घडी होणारी लिटरची पाण्याची पिशवी ट्रेकिंगच्या सामानात पडलीय, ती आता मागच्या मऊ कप्प्यात.

कॅनव्हासच्या कप्प्याची पितळी पट्टी मात्र घामट हाताने निसटते. तिथे टिचबटण लावून घेतो. आणि मिशिगनकरांचं ऐकून उजवा कप्पा उसवलाय, जाळी आखायला घेतली आहे. पट्टीने.

रविवारी जुन्या बाजारात जातोय. कुणाला कॅनव्हासचे कप्पे हवे असतील तर शनिवार रात्रीपर्यंत इथे लिहा. तुमच्या पट्ट्याची रुंदी सेंटीमीटरमध्ये नक्की टाका, मागचा फास मोजूनच घेईन.